तुळईतली गाठ

सोमवार, ३ मार्च

लाकडाची चार मजली इमारत, आणि तीही संशोधनाची. माझा विश्वास नाही. बाहेर असं बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहून मोकळा होतो.

विद्यापीठाच्या बांधकाम खात्यात माझी उभी हयात काँक्रीटमध्ये गेली. निवृत्ती तोंडावर आली आणि शेवटचं काम म्हणून गळ्यात काय पडलं, तर लाकूड. पाइनच्या फळ्या घ्यायच्या, एक थर उभा, एक थर आडवा असे एकमेकांवर चिकटवायचे, की झाला वीतभर जाडीचा स्लॅब. तशाच पट्ट्या चिकटवून तुळया आणि खांब. याला म्हणतात मास टिंबर. पाया तेवढा माझ्या काँक्रीटचा ठेवलाय. उपकार झाले.

कुलगुरू परवाच्या भाषणात म्हणाले, ही इमारत श्वास घेते. इमारतीने श्वास घेऊ नये, गप्प उभं राहावं, असं माझं मत आहे.

त्यात लाकडाचं सगळं डिझाइन माझ्या मेहुणीचं. बायकोची धाकटी बहीण, म्हणून घरात तिचं नाव धाकटी. नात्यातली बाई कामावर आहे हे मी कुलसचिवांच्या कानावर आधीच घातलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही सख्ख्या भावाचं कामसुद्धा पास करणार नाही, आम्हाला माहीत आहे." ही मी स्तुतीच समजलो.

धाकटीने आज पुन्हा समजावलं. झाड हवेतला कार्बन पोटात घेतं, ते लाकूड इमारतीत बसलं की तो तिथेच अडकून राहतो, आणि तुमचं सिमेंट भाजताना केवढा धूर होतो ते बघा भावोजी. हिशोब पटला. पण हिशोब पटणं वेगळं आणि त्याखाली उभं राहणं वेगळं.

गुरुवार, ६ मार्च

आज चौघांनी मिळून दुसऱ्या मजल्याची निम्मी जमीन टाकली. क्रेनने पॅनेल उचलायचं, जागेवर बसवायचं, लांबलचक स्क्रू मारायचे, पुढचं. वाळू नाही, पाणी मारणं नाही, आरडाओरडा नाही. वायरीची भोकंसुद्धा कारखान्यातून पडून आलेली. इतकं निमूट काम मी पाहिलेलं नाही, आणि निमूटपणाचा मला पहिल्यापासून संशय येतो.

मी प्रत्येक खांब बोटांच्या पेरांनी ठोकून पाहतो. माणसं मला पाठीमागे 'टकटक साहेब' म्हणतात. म्हणोत.

धाकटी दुपारनंतर साइटवर नव्हती. अर्धी रजा. संध्याकाळी घरी आलो तर कळलं, ती माझ्या बायकोला घेऊन पडदे बघायला गेली होती. पडदे कुठेत म्हटलं, तर म्हणे पसंत पडले नाहीत. दोघी बहिणी दुकानात गेल्या आणि हात हलवत परत आल्या, असं लग्नापासून एकदाही झालेलं नाही. त्यात हिचा डावा खांदा आखडलाय म्हणे, वरच्या फळीवरचा डबा मलाच काढायला लावला.

हे सगळं मनात ठेवलं.

मंगळवार, ११ मार्च

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

चष्मा घरी राहिला म्हणून दुपारी परत आलो. बायको शाळेत गणित शिकवते, या वेळी ती वर्गात असायला हवी. ती बाल्कनीत फोनवर होती, पाठ माझ्याकडे. पलीकडे धाकटी, कारण मध्येच 'धाकटे' म्हणाली.

म्हणत होती, "सुपारीएवढी गाठ आहे म्हणाले... हो, तुकडा काढून पाठवलाय तपासायला... रिपोर्ट येऊ दे, मग बघू... नाही गं, यांना इतक्यात कळू देऊ नकोस. यांचा स्वभाव तुला माहीत आहे. सगळंच थांबवून बसतील, आणि डॉक्टरांनाच खोटं पाडतील."

डॉक्टर म्हणजे आमच्या विद्यापीठातले लाकूडशास्त्राचे प्राध्यापक. अख्ख्या साइटवर त्यांना डॉक्टरच म्हणतात. ओलावा मोजायला यंत्र घेऊन फिरत असतात.

म्हणजे कुठल्या तरी तुळईत सुपारीएवढी गाठ आहे. नको त्या जागी असणार, नाही तर तुकडा काढून तपासायला कशाला पाठवतील? धाकटीला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि कहर म्हणजे माझ्या बायकोलाही ठाऊक आहे. फक्त ज्याची सही लागणार, त्याला ठाऊक नाही.

चष्मा घेतला आणि दार न वाजवता बाहेर पडलो. रात्री जेवताना विचारलं, "आज शाळा कशी झाली?" म्हणाली, "नेहमीसारखीच." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. घरातल्या माणसाला एवढं सफाईदार खोटं बोलता येतं हे मला नवीन आहे.

शनिवार, १५ मार्च

घरात काहीतरी शिजतंय.

आज सकाळी बायकोने मला हाताला धरून कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभं केलं. कुठलं बटण, किती पावडर, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. मग भात किती पाण्यात लावायचा तेही. वर तिच्या आठवीच्या वर्गातल्या मुलीला शिकवावं तसं, "आता तुम्ही न बघता सांगा."

मी म्हटलं, "हे अचानक काय?"

"निवृत्त झाल्यावर बसून काय करणार?"

"अजून पाच महिने आहेत."

"तुम्हाला शिकायला तेवढे लागतील."

हसली, पण ते हसणं उसनं होतं. मला वाटतं दोघींचं ठरलंय. गाठ उघडकीला यायच्या आत मला वेळेआधीच निवृत्ती घ्यायला लावायची आणि घरी भात लावत बसवायचं. माझ्या जागी कुणी तरणा, सही करायला उतावळा माणूस येईल. धाकटीचा मार्ग मोकळा.

पोहायलाही गेली नाही. दर शनिवारी जाते, पाऊस असो की परीक्षा असो. विचारलं तर म्हणे कंटाळा आला. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, पुढचे काही महिने जमणार नाही. काही महिने! एवढा लांबचा कंटाळा कुणाला येतो?

मी मशीन लावलं, कपडे वाळत घातले. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

रविवार, १६ मार्च

आज बायको म्हणाली, मला तुमची इमारत बघायचीय. पाया खणला तेव्हापासून एकदाही म्हणाली नव्हती. धाकटीही आली. साइट बंद होती, आम्ही तिघंच.

आत शिरलं की चांगला वास येतो, हे मी नाकारत नाही. पावलं वाजत नाहीत. बायको दुसऱ्या मजल्यावर एका खांबापाशी थांबली आणि उजवा हात सपाट लावून उभी राहिली.

"किती गाठी आहेत गं यात," म्हणाली.

धाकटी म्हणाली, "असणारच ताई. जिथून फांदी फुटते तिथे गाठ. गाठ आहे म्हणून लाकूड वाया जात नाही. कुठे आहे, केवढी आहे, कधी लक्षात आली, त्यावर सगळं असतं."

"आणि नको त्या जागी असली तर?"

"तर तेवढा भाग कापून काढतात आणि दोन्ही टोकं पुन्हा जोडतात. जोड चांगला बसला तर ती पट्टी इतरांइतकाच भार घेते."

"खरंच घेते?"

"मी रोज बघते ताई."

बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, लाकडाचा भुसा गेला. कापणी कारखान्यातच होते, इथे भुशाचा कणसुद्धा नसतो. धाकटीने तिचा हात घट्ट धरला तोही मी बरोबर टिपला. माझ्यासमोर बोलायचं धाडस! दोघी गाठीबद्दलच बोलत होत्या आणि मला वाटावं की लाकडाची सर्वसाधारण माहिती चाललीय.

त्या दोघी जिन्यापाशी बोलत बसल्या तेव्हा मी एकटा सगळ्या तुळया खालून बघत फिरलो, मान मोडेपर्यंत. सापडली. मोठ्या प्रयोगशाळेवरची लांब तुळई, बरोबर मध्यावर, सगळ्यात खालच्या पट्टीत. सुपारीएवढी. तुळईवर वजन आलं की खालची बाजू ताणली जाते, आणि मध्यावर ताण सगळ्यात जास्त. गाठीला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. खडूने गोल करून ठेवला.

बुधवार, १९ मार्च

डॉक्टरांना गाठलं. खडूचा गोल दाखवला आणि नुसता चेहरा बघत राहिलो.

त्यांनी शिडीवर चढून पाहिलं. म्हणाले, "ही होय? काळजी करण्यासारखं काही नाही. घट्ट गाठ आहे, मापात आहे."

"तुकडा काढून तपासलाय का?"

"कशाला तपासायचा?"

इतका भोळा चेहरा! मी विचारलं, "नक्की? तुमच्याकडून काही पाठवलं गेलेलं नाही?" तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मलाच तपासायला पाठवायला हवं.

खोटं बोलणारा माणूस गोंधळतो. हे गोंधळले नाहीत. म्हणजे तयारीचे आहेत.

गुरुवार, २० मार्च

काम थांबवलं.

लेखी आदेश काढला. मोठ्या प्रयोगशाळेवरच्या तुळईचा नमुना आमच्या नव्हे, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून येईपर्यंत वरचा मजला चढणार नाही. क्रेन हात वर करून उभी. चौघं निमूट माणसं पॅनेलवर बसून डबे खात होती, एकाने तर डुलकीही काढली. कुलसचिवांचे तीन फोन. तिसऱ्यात म्हणाले, "अहो, कारण तरी सांगा." मी म्हटलं, कारण तुळईत आहे.

आपली माणसं फसवतात तेव्हा राग नुसता येत नाही, तो पोटात बसतो. धाकटीचं एक वेळ समजतं, तिचं नाव पणाला लागलंय. पण बायको? तीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो भरपूर, पण एकमेकांपासून लपवलं नाही. आज घरी गेलो तर माझे रंगीत कपडे इस्त्री करून ठेवलेले, आणि तिने केस खांद्यापर्यंत कापून घेतलेले. म्हणाली, सांभाळायला सोपे पडतात. बरे दिसतात हेही मी बोललो नाही.

मला वाईट वाटतंय. रागापेक्षा वाईटच जास्त वाटतंय.

शुक्रवार, २१ मार्च

धाकटी तरातरा ऑफिसात आली. दार लावून घेतलं.

"भावोजी, काय चाललंय? ती पट्टी मी स्वतः पाहून पास केलीय. तुम्हाला हवे ते आकडे देते. काम कशासाठी अडवलंत?"

मी म्हटलं, "मला कळलंय म्हणून."

"काय कळलंय?"

"गाठीचं. सुपारीएवढ्या. तुकडा काढून पाठवलाय, रिपोर्ट यायचाय, आणि मला कळू द्यायचं नाही, हे सगळं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. चोर सापडला की पडतो तसा. खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बाल्कनीत फोन चालू होता तेव्हा मी घरात होतो."

"आणि म्हणून तुम्ही तुळई..." तिने डोळे मिटले. "अरे देवा."

"देवाचं नाव घेऊ नकोस. डिझाइन तुझं आहे."

मला वाटलं आता कबूल करेल. तर ती उठली, माझ्या टेबलाला वळसा घालून आली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नात माझे बूट लपवल्यापासून तिने कधी एवढी माया दाखवलेली नाही. म्हणाली, "तुळईला काहीही झालेलं नाही. पाहिजे तिथे तपासा, मी आड येणार नाही. पण भावोजी, ताईशी बोला. आजच बोला. मी शब्द दिलाय, मला बोलता येत नाही."

डोळे भरून आले होते तिचे. शब्द दिलाय म्हणे. कुणाला, कशाचा? बायकोला पुढे करून स्वतः नामानिराळी राहायचा हा डाव असेल. पण रडणं खरं होतं, तेवढं मला कळतं.

आज बोललो नाही. उद्या बोलेन.

शनिवार, २२ मार्च

काल लिहिलं तसं आज बोललो.

सकाळी बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. घसा साफ केला. म्हणालो, "मला सगळं माहीत आहे. गाठीचं."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "धाकटीनं सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मला कान आहेत. तू बाल्कनीत फोनवर बोलत होतीस."

"म्हणजे पहिल्यापासून?" ती पलंगावर बसली. "पहिल्यापासून माहीत होतं, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तू कधी सांगतेस ते बघत होतो."

ती रडायला लागली. मी भांडणाच्या तयारीने आलो होतो, मुद्देसुद्धा क्रमाने पाठ केले होते. ती रडते म्हटल्यावर मी मवाळ झालो. शेजारी बसलो. म्हटलं, "हे बघ, गाठ आहे तर आहे. लपवून ती जाणार आहे का? वेळेवर काढली तर बाकीचं सगळं वाचतं."

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"मला मात्र म्हणाले, काळजी करण्यासारखं काही नाही."

तिने मान वर केली. "तुम्ही डॉक्टरांना भेटून आलात?"

"बुधवारीच."

"परस्पर?" रडता रडता हसली ती. "असं म्हणाले तुम्हाला? मला तर म्हणाले, रिपोर्ट चांगला नाही, उशीर करायचा नाही. येत्या गुरुवारीच काढायची."

गुरुवारी, क्रेनचं भाडं भरून ठेवल्याशिवाय, एवढी लांब तुळई कशी काढणार, हे विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझा हात घेतला आणि छातीच्या डाव्या बाजूला, काखेच्या जवळ, नेऊन ठेवला.

"बघा हात लावून," म्हणाली. "घाबरू नका."

कपड्याखाली हाताला ती लागली.

क्रेनचा प्रश्न माझ्या तोंडात तसाच राहिला. पुढचं काय बोललो मला नीट आठवत नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बोलत राहिली. मला सांगितलं असतं तर मी तिला दहा दवाखाने फिरवलं असतं, प्रत्येक डॉक्टरशी वाद घातला असता, आणि हातातलं शेवटचं काम टाकून बसलो असतो, म्हणून सांगितलं नाही. "आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मशीन शिकवत होते तेव्हाही ठाऊक होतं. मी नाटक करतेय हे कळूनसुद्धा तुम्ही मला अवघडू दिलं नाहीत." मग म्हणाली, "मला वाटायचं मी एकटी आहे."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तिचं डोकं खांद्यावर होतं आणि ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेत होती. मी गप्प बसलो.

सोमवार, २४ मार्च

बाहेरच्या प्रयोगशाळेचा निरोप आला. तुळई उत्तम आहे, गाठ मापात आहे, लाकूड कोरडं आहे. मी आदेश मागे घेतला. डॉक्टरांची माफी मागितली. ते म्हणाले, "चालतं हो, एवढ्या काळजीनं तपासलेली तुळई देशात दुसरी नसेल."

धाकटीला म्हटलं, ताईला वाटतंय की मला आधीपासून माहीत होतं. सांगू का खरं?

ती बराच वेळ तिसऱ्या मजल्यावर चढणारं पॅनेल बघत राहिली. म्हणाली, "परवा रात्री ती शांत झोपली. मला फोन करून सांगितलं, तुझे भावोजी वाटतात तसे नाहीत. आता गुरुवारपर्यंत तरी राहू द्या."

राहू दिलं. माझ्या नावावर नको तो चांगुलपणा जमा होतोय, हे कळत होतं. तरी राहू दिलं.

गुरुवार, २७ मार्च

ऑपरेशन झालं. सर्जन हसऱ्या चेहऱ्याचे आहेत. हसऱ्या माणसांचाही मला संशय येतो, पण आज मी त्यांच्या हाताकडे बघून गप्प बसलो. गाठ काढली, काखेतल्या काही ग्रंथीही काढल्या, सगळं तपासायला जाईल. निकाल आठवड्याभराने.

तिला आत नेताना तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही महत्त्वाचं सांगणार. म्हणाली, "पांढरे वेगळे."

मंगळवार, १ एप्रिल

घरी आलो. छप्पर चढवायला घेतलंय, मी साइटवर फक्त सकाळी जातो. भात दोनदा लावला, एकदा जमला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती तेच सांगते. यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ. बायका माझ्याकडे वळून बघतात. शेजारीण तर आपल्या नवऱ्याला माझ्यासमोर म्हणाली, शिका जरा. मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशा विसळतो. खांबाला टकटक करून पोकळ आवाज यावा तसं मला माझ्याबद्दल वाटतं.

शनिवार, ५ एप्रिल

दुपारी सर्जनांचा फोन आला. ती झोपली होती, मी घेतला. म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, काखेतल्या ग्रंथींत काही नाही. किरणांचे उपचार घ्यावे लागतील, पण पसरलेलं नाही. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी भिंतीला पाठ लावून जरा वेळ उभा राहिलो.

आत गेलो. ती जागी झाली होती. सांगितलं. एकेक शब्द, जसाच्या तसा.

ती म्हणाली, "हो का."

"अगं, पसरलेलं नाही!"

"ऐकलं." आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

मला वाटलं औषधांनी सुन्न झालीय. पुन्हा सांगायला लागलो तर तिने माझ्या हातावर थोपटलं, मीच आजारी असल्यासारखं. म्हणाली, "मला सांभाळायला खोटं बोलू नका."

"खोटं कशाला बोलेन?"

"तुमच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मागेही कळलं नव्हतं. एवढं मोठं पोटात ठेवून तुम्ही माझ्याकडून मशीन शिकलात, आणि मला पत्ता लागला नाही. तेव्हा जमलं, ते आता का जमणार नाही?"

"मी फोन लावून देतो, डॉक्टरांनाच विचार."

"त्यांना तुम्ही आधीच सांगून ठेवलं असेल. मागे परस्पर भेटून आलाच होतात की."

तरी मी फोन लावला. तिने सर्जनांचं सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाली, आभार मानले, फोन माझ्या हातात दिला. आणि म्हणाली, "चांगले आहेत बिचारे. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत."

माझ्यासमोर माझाच संशय बसला होता. त्याला काय दाखवावं, कुठला पुरावा द्यावा, हे मला कळेना. दिलेला प्रत्येक पुरावा तो कसा गिळतो ते मलाच चांगलं ठाऊक आहे. हिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी माझ्या हातात होती आणि ही ती घेत नव्हती. घाबरून, चेहरा शांत ठेवून पडली होती, माझ्याच शेजारी.

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"काय?"

"गाठीचं. तू माझा हात लावलास तोपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटलं तुळईत गाठ आहे."

तिने मान उशीवरून उचलली.

"तू फोनवर बोललीस ना, सुपारीएवढी गाठ, तुकडा पाठवलाय, यांना सांगू नकोस. मला वाटलं धाकटीनं तुळईतली गाठ लपवलीय आणि तू तिला सामील आहेस. मी शोधून काढली ती. खडूनं गोल केला. काम अडवलं."

"आणि तुम्ही डॉक्टरांना भेटलात ते?"

"लाकडाचे डॉक्टर. शिडीवर चढून बघून म्हणाले, काळजी करण्यासारखं काही नाही."

तिचे ओठ हलले. "आणि त्या दिवशी? वेळेवर काढली तर बाकीचं वाचतं म्हणालात ते?"

"छपराबद्दल म्हणालो होतो."

आधी तिच्या नाकातून आवाज आला. मग ती हसायला लागली. टाक्यांवर उशी दाबून धरली, आई गं, आई गं म्हणाली, आणि तरी हसत राहिली. "छप्पर!" म्हणायची आणि पुन्हा सुरू. मीही हसलो. हे एवढं सुटसुटीत निघेल असं मला वाटलं नव्हतं. "आणि गुरुवारी काढायची म्हटल्यावर?" तिने डोळे पुसत विचारलं. मी म्हटलं, क्रेनशिवाय कशी काढणार, हे विचारणारच होतो. त्यावर तर तिला खोकला लागला. पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती हसायची थांबली. ग्लास दोन्ही हातांत धरून बसली. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू येताना मला दिसलं, आणि ते थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"म्हणजे मी मशीन शिकवत होते तेव्हा तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं."

"नाही."

"खांबाला हात लावून रडले तेव्हाही."

"नाही."

"मग तेव्हा मी एकटीच होते."

मी हो म्हणालो.

तिने ग्लास खाली ठेवला. मग उशीला टेकून तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आता डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत, ग्रंथींत काही नाही, पसरलेलं नाही. या वेळी तिने विश्वास ठेवला. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुसायला मी हात पुढे केला, तेव्हा तिने तो मध्येच धरून ठेवला. जवळ ओढला नाही आणि सोडलाही नाही.